मंद्र सप्तकाचा मित्र : आन्टोन श्टाडलर

क्लॅरिनेट हे वाद्य आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते लग्नाच्या वरातीत. बँडवाले त्याला क्लॅरोनेट म्हणतात. ढोल आणि ट्रम्पेटच्या गदारोळात सिनेमातल्या गाण्याची चाल उचलून धरणारी, चकचकीत कळा लावलेली ती काळी नळी. सनईची ती लांबची नातलग. सनईला फुंकायला दुहेरी पत्ती असते, क्लॅरिनेटला वेताची एकच पत्ती असते. वरातीत हे वाद्य बहुधा तार सप्तकात, चढ्या आवाजात वाजते, कारण रस्त्यावर ऐकू जायचे तर दुसरा इलाज नसतो. त्यामुळे त्याच्या खालच्या सुरांशी आपली ओळख होतच नाही. ज्याचे सारे आयुष्य त्या खालच्या सुरांच्या शोधात गेले, अशा एका वादकाची ही हकीकत आहे.

त्याचे नाव आन्टोन श्टाडलर. पाश्चात्त्य अभिजात संगीताशी थोडाफार परिचय असलेल्यांना हे नाव दोन संदर्भांत भेटते. मोझार्टने क्लॅरिनेटसाठी ज्या अमर रचना केल्या त्या याच्यासाठी, हा पहिला संदर्भ. मोझार्ट वारला तेव्हा त्याच्या येणे रकमांच्या यादीत याचे नाव होते, हा दुसरा. पहिल्या संदर्भामुळे तो मोठा ठरला आणि दुसऱ्यामुळे पुढची दोनशे वर्षे त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले. तिसरा संदर्भ फारसा कोणी सांगत नाही. तो म्हणजे या माणसाने उतारवयाकडे झुकताना एका संगीतशाळेसाठी संपूर्ण अभ्यासक्रम लिहून दिला होता. जुने मित्र आणि जुने शिक्षक ज्या स्मरणिकेत एकत्र भेटतात, तिथे हे तिन्ही संदर्भ एकत्र मांडावेत असे वाटते.

श्टाडलरचा जन्म २८ जून १७५३ रोजी ऑस्ट्रियातल्या ब्रुक आन डेर लायथा या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत आणि वाद्येही वाजवीत. आई सुईण होती. आन्टोननंतर दोन वर्षांनी धाकटा भाऊ योहान जन्मला आणि कुटुंब लवकरच व्हिएन्नाला राहायला आले. हे दोघे भाऊ पुढे जवळजवळ सारे आयुष्य शेजारी शेजारी बसून वाजवीत राहिले. १७७३ च्या मार्चमध्ये व्हिएन्नातल्या एका मोठ्या मैफिलीत दोघे प्रथम लोकांसमोर आले, तेव्हा आन्टोन एकोणीस वर्षांचा होता आणि योहान सतरा. ती मैफील भरवणारी संस्था दिवंगत संगीतकारांच्या विधवा आणि मुलांसाठी निधी जमवीत असे. पुढेही या संस्थेसाठी श्टाडलर अनेकदा वाजवायला उभा राहिला.

त्या काळी क्लॅरिनेट हे नवे वाद्य होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते जर्मनीत तयार झाले आणि शतक अर्धे उलटले तरी अनेक दरबारांच्या वाद्यवृंदात त्याला कायमची जागा नव्हती. जो क्लॅरिनेट वाजवी त्याला ओबो किंवा व्हायोलिनही वाजवता यावे अशी अपेक्षा असे. साल्झबुर्गच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट नव्हतीच. तरुण मोझार्ट १७७८ साली मानहाइमला गेला, तिथला वाद्यवृंद त्याने ऐकला आणि आपल्याकडेही क्लॅरिनेट असत्या तर किती बरे झाले असते, असे वडिलांना कळवले. म्हणजे वाद्याची ओढ त्याला आधीपासून होती. त्या वाद्याच्या पोटात काय काय दडले आहे हे दाखवणारा माणूस मात्र अजून भेटायचा होता.

श्टाडलर बंधूंची सुरुवातीची वर्षे उमेदवारीतच गेली. व्हिएन्नातला रशियाचा राजदूत प्रिन्स गालित्सिन याच्याकडे त्यांनी काही काळ चाकरी केली. १७८१ मध्ये आन्टोनने वॉलरश्टाइनच्या दरबारी जागा मिळावी म्हणून पत्र लिहिले. तिथे जावे लागले नाही. पुढच्याच वर्षी सम्राट योसेफ दुसरे यांनी स्वतःसाठी आठ जणांचे वायुवाद्यांचे पथक उभे केले. दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून अशी त्याची रचना होती. क्लॅरिनेटच्या दोन्ही जागा या भावांना मिळाल्या. पुढे दरबारच्या मोठ्या वाद्यवृंदातही ते दाखल झाले.

इथे एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दोन क्लॅरिनेट असल्या की पहिली वरच्या सुरांत मुख्य चाल वाजवते आणि दुसरी खालून तिला आधार देते. मान पहिलीचा. थोरला भाऊ, अधिक तयारीचा वादक म्हणून पहिली जागा आन्टोनची असायला हवी होती. तो मात्र बहुधा दुसरी वाजवी, कारण त्याला खालचे सूर आवडत.

यामागे वाद्याचा स्वभाव आहे. बासरी जोराने फुंकली की तोच स्वर एक सप्तक वर जातो. क्लॅरिनेटचे तसे नाही. तिची नळी एका टोकाला तोंडाने बंद झालेली असते आणि शेवटपर्यंत सारख्याच व्यासाची असते. त्यामुळे अंगठ्याची कळ दाबली की सूर थेट सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर उडी घेतो. याचा परिणाम असा की या वाद्यात दोन वेगळे आवाज राहतात. वरचा उजळ आणि खणखणीत, खालचा गडद, थोडा धुरकट, छातीतून आल्यासारखा. दोहोंच्या मधले काही सूर मुळातच अशक्त असतात आणि त्यांना सांभाळून घ्यावे लागते. त्या काळच्या बॉक्सवुडच्या वाद्याला जेमतेम पाच कळा असत. आजच्या वाद्याला सतरा असतात. पाच कळांवर हे दोन्ही आवाज एकसंध जोडायचे म्हणजे ओठ, श्वास आणि बोटे यांची फार मोठी साधना लागे.

ती साधना श्टाडलरने केली होती. १७८४ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात त्याच्या स्वतःच्या लाभासाठी मैफील झाली. मोझार्टने तेरा वादकांसाठी लिहिलेल्या मोठ्या सेरेनेडचे चार भाग तीत वाजले. ती ऐकून योहान फ्रीडरिश शिंक या लेखकाने श्टाडलरबद्दल लिहून ठेवले आहे. मानवी गळ्याच्या इतके जवळ एखादे वाद्य जाऊ शकेल याची त्याला कल्पनाच नव्हती, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे एखाद्या वादकाचे सर्वांत मोठे कौतुक करताना त्याचे वादन गायकी अंगाचे आहे असे म्हणतात. व्हिएन्नातल्या त्या समीक्षकाने दुसऱ्या भाषेत नेमके तेच म्हटले होते.

मोझार्ट १७८१ मध्ये व्हिएन्नात स्थायिक झाला आणि थोड्याच काळात त्याची श्टाडलरशी गट्टी जमली. श्टाडलर त्याच्याहून अडीच वर्षांनी मोठा. दोघेही फ्रीमेसन पंथात होते. वनस्पतिशास्त्रज्ञ याक्विन यांच्या घरी दोघांची ऊठबस असे. १७८६ च्या ऑगस्टमध्ये मोझार्टने पियानो, क्लॅरिनेट आणि व्हायोला यांचा ट्रिओ लिहिला तो याच घरच्या मंडळींसाठी. याक्विनांची मुलगी फ्रान्सिस्का पियानोवर, श्टाडलर क्लॅरिनेटवर आणि स्वतः मोझार्ट व्हायोलावर, असे तिघे तो वाजवायला बसले. पुढच्या जानेवारीत मोझार्ट प्रागला निघाला तेव्हा सोबत श्टाडलर होता. घोडागाडीत बसल्या बसल्या मोझार्टने सगळ्यांना, अगदी कुत्र्यालासुद्धा, निरर्थक गमतीदार नावे ठेवली आणि त्यांची यादी मित्राला पत्राने कळवली. त्या यादीत श्टाडलरही आहे. वर्गात एकमेकांना ठेवलेली टोपणनावे ज्यांना अजून आठवतात, त्यांना या मैत्रीची जात वेगळी सांगायला नको.

खालच्या सुरांची ओढ श्टाडलरला स्वस्थ बसू देत नव्हती. साध्या क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर जिथे संपतो त्याच्याही खाली त्याला जायचे होते. व्हिएन्नात थिओडोर लोट्झ हा दरबारी वाद्यकारागीर होता. त्याने श्टाडलरसाठी नळी लांबवून आणि जादा कळा बसवून नवे वाद्य तयार केले. १७८८ च्या फेब्रुवारीत श्टाडलरने ते जाहीर मैफिलीत वाजवले. पुढे त्यात सुधारणा होत होत मूळ वाद्याच्या खाली चार अर्धस्वर मिळाले. चार अर्धस्वर ऐकायला थोडे वाटतात. पण उतरत येणारी तान षड्जापर्यंत येऊन थांबणे आणि त्याच्या एक पायरी वरच अडणे यात जो फरक आहे, तोच इथे होता. आज या वाद्याला बासेट क्लॅरिनेट म्हणतात.

मोझार्टने या वाद्याचे सोने केले. १७८९ च्या सप्टेंबरमध्ये त्याने क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये यांचे पंचक लिहिले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला श्टाडलरने ते बुर्गथिएटरात, त्याच विधवा-अनाथ निधीच्या मैफिलीत, पहिल्यांदा वाजवले. या पंचकात क्लॅरिनेट इतर चौघांवर कुरघोडी करीत नाही. ती कधी पुढे येते, कधी व्हायोलिनला बोलू देऊन खालून साथ करते. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या जागेवर आनंदाने बसणाऱ्या माणसासाठी ती लिहिली आहे, हे ऐकताना जाणवते.

मग १७९१ साल आले. सम्राट लिओपोल्ड दुसरे यांच्या बोहेमियातील राज्याभिषेकासाठी मोझार्टला घाईघाईने 'ला क्लेमेन्झा दि तितो' हा ऑपेरा लिहावा लागला. ६ सप्टेंबरला प्रागमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यातल्या दोन मोठ्या गीतांना मोझार्टने श्टाडलरची साथ योजली. एकात बासेट क्लॅरिनेट, दुसऱ्यात बासेट हॉर्न हे तिचेच खालच्या आवाजाचे भावंड. या गीतांत वाद्य नुसते मागे राहत नाही. गायिकेने एक ओळ म्हणावी आणि वाद्याने तिचे मन उलगडून दाखवावे, असा तो संवाद आहे. पहिल्या प्रयोगाला दरबारी मंडळींकडून थंड प्रतिसाद मिळाला, पण पुढचे प्रयोग रंगत गेले. मोझार्ट व्हिएन्नाला परतला, श्टाडलर मागे राहिला. प्रेक्षकांनी आणि वाद्यवृंदातल्या सहकाऱ्यांनीही श्टाडलरला कशी दाद दिली, याची बातमी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोझार्टला मिळाली आणि त्याने ती मोठ्या खुशीत पत्नीला कळवली.

त्याच पत्रात तो आणखी एक गोष्ट सांगतो. श्टाडलरसाठीच्या रचनेचा शेवटचा भाग जवळजवळ पुरा वाद्यवृंदासाठी लिहून झाला आहे. ही रचना म्हणजे क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांत बांधलेली. मोझार्ट आपल्या रचनांची एक वही ठेवीत असे. तिच्यात या कॉन्चेर्टोची नोंद थोरल्या श्टाडलरच्या नावाने आहे. एकल वाद्यासाठी मोझार्टने लिहिलेला हा शेवटचा कॉन्चेर्टो. ५ डिसेंबर १७९१ रोजी, पस्तीसाव्या वर्षी, मोझार्ट वारला.

मृत्यूनंतर घरातल्या चीजवस्तूंची सरकारी मोजदाद झाली. रोख ६० गुल्डन निघाले. येणे रकमांत दरबारी वादक आन्टोन श्टाडलर याच्याकडून ५०० गुल्डन येणे अशी नोंद आहे. कर्जरोखा नव्हता, म्हणून वसूल न होणारी रक्कम असा तिच्यावर शेरा पडला. मोझार्टला दरबाराकडून वर्षाला ८०० गुल्डन मिळत. म्हणजे ही रक्कम त्याच्या साडेसात महिन्यांच्या पगाराएवढी होती. तरुण विधवा, पदरात दोन लहान मुले, त्यात धाकटा तर काही महिन्यांचा. अशा घरातून निघालेली ही नोंद वाचून कोणाचाही राग श्टाडलरवर निघेल, आणि तसाच तो निघाला.

मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे हिने पुढे नित्सन या डॅनिश मुत्सद्द्याशी विवाह केला. नित्सनने लिहिलेले मोझार्टचे चरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात श्टाडलरची प्रतिमा मित्राच्या भोळेपणाचा फायदा घेणाऱ्या, त्याच्या ताटावर जेवणाऱ्या माणसाची आहे. श्टाडलरला जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. आपली बाजू मांडायला तो नव्हता. पुढच्या बहुतेक चरित्रकारांनी ही प्रतिमा उचलली आणि श्टाडलर म्हणजे गुणी पण बेभरवशाचा माणूस, असे समीकरण रूढ झाले.

५०० गुल्डनची नोंद खोटी मानायचे कारण नाही. पैसे परत गेले नाहीत हेही खरे. पण त्याच काळातली मोझार्टची स्वतःची पत्रे वाचली की चित्र पालटते. मिखाएल पुखबेर्ग नावाचा व्यापारी हा दोघांच्याच पंथातला. मोझार्ट त्याच्याकडे पुनःपुन्हा पैसे मागत असे. कधी मोठी रक्कम, कधी मिळेल तेवढी. पुखबेर्गने तीन-चार वर्षांत हजाराहून अधिक गुल्डन त्याला दिले. या मित्रमंडळात पैसा असा हातोहात फिरत होता. आज ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचे, उद्या ज्याला जमेल त्याने फेडायचे. मोझार्ट पुखबेर्गचा देणेकरी होता आणि श्टाडलरचा सावकार. पुखबेर्गच्या पैशांची परतफेड मोझार्टच्या हयातीत झाली नाही म्हणून कोणी मोझार्टला लबाड म्हणत नाही. मग श्टाडलरलाच तो शब्द का लावायचा? आणि मोझार्टने पैसे दिले ते फसून दिले, असे म्हणायला आधार काय? ज्याच्यासाठी त्याने उसने दिले, त्याच्यासाठीच अखेरच्या महिन्यांत, प्रकृती खालावत असताना, त्याने हा कॉन्चेर्टो पुरा केला. तो श्टाडलरला काय समजत होता, हे त्या नोंदीपेक्षा या रचनेतून अधिक कळते.

एका आरोपातून मात्र श्टाडलरला सहज सोडता येत नाही. कॉन्चेर्टोचे मूळ हस्तलिखित आज जगात कुठेही नाही. १८०० साली कॉन्स्टान्झेने योहान आन्टोन आंद्रे या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात मोझार्टच्या काही हस्तलिखितांसाठी श्टाडलरकडे विचारणा करा असे सुचवले आहे. प्रवासात जर्मनीत आपली पेटी चोरीला गेली असे श्टाडलर सांगतो, आणि ती त्याने ७३ ड्युकाटांना गहाण टाकली असे इतर लोक सांगतात, असेही तिने कळवले. ७३ ड्युकाट म्हणजे सव्वातीनशे गुल्डनांच्या आसपास. पेटी चोरीला गेली असो वा गहाण पडली असो, जपायला दिलेली वस्तू त्याच्या हातून गेली. त्याची किंमत संगीताला मोजावी लागली.

ती कशी, ते सांगायला हवे. मोझार्टच्या मृत्यूनंतर श्टाडलर कॉन्चेर्टो घेऊन लांबच्या दौऱ्यावर निघाला. बर्लिन, रिगा, सेंट पीटर्सबर्ग, ल्युबेक, हाम्बुर्ग अशी गावे करीत तो १७९६ मध्ये व्हिएन्नाला परतला. १७९१ ते १७९६ या काळात तो खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यांवरून गाडीने हिंडला, आणि आपले एकुलते एक वाद्य सांभाळत वाजवीत राहिला. लोट्झ १७९२ मध्ये वारला होता. दुसऱ्या कोणाकडे तसे वाद्य फारसे नव्हते. त्यामुळे १८०१ च्या सुमारास प्रकाशकांनी कॉन्चेर्टो छापला तेव्हा तो साध्या क्लॅरिनेटवर वाजेल असा बदलून छापला. जिथे तान खाली उतरत जाते तिथे ती मध्येच तोडून एक सप्तक वर नेली. १८०२ मध्ये लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात एका समीक्षकाने या जागा ओळखून दाखवल्या आणि मूळ स्वरही छापायला हवे होते अशी सूचना केली. ती सूचना फार कोणी मनावर घेतली नाही. पुढची दीडशे वर्षे जगाने हा कॉन्चेर्टो ऐकला तो पायऱ्या गाळलेल्या जिन्यासारखा. उतरताना एकदम उडी मारून पुन्हा वर.

श्टाडलरच्या आयुष्याचा पुढचा भाग सहसा एका ओळीत संपवला जातो. खरे तर शिक्षकांना तोच अधिक जवळचा वाटावा. १७९९ मध्ये तो दरबारी नोकरीतून निवृत्त झाला. त्याच सुमारास हंगेरीतले सरदार काउंट ग्यॉर्गी फेश्टेटिच यांनी त्याच्याकडे एक काम सोपवले. फेश्टेटिच हे शिक्षणाचे वेड असलेले जमीनदार होते. बालाटोन सरोवराच्या काठी केस्टहेय या आपल्या गावी त्यांनी १७९७ मध्ये 'गेओर्गिकोन' हे शेतकी महाविद्यालय काढले. ते युरोपातल्या अगदी पहिल्या शेतकी महाविद्यालयांपैकी एक मानले जाते. त्यांना तिथे संगीताची शाळाही नीट उभी करायची होती. ती कशी असावी, काय शिकवावे, किती वर्षे शिकवावे असे प्रश्न त्यांनी श्टाडलरला पाठवले. श्टाडलरने १८०० साली त्यांना सविस्तर उत्तर लिहून दिले. हा त्याचा संगीतशिक्षणाचा आराखडा आजही उपलब्ध आहे.

आराखडा सहा वर्षांचा आहे. त्यात क्लॅरिनेटचे स्तोम नाही, ही पहिली लक्षात येणारी गोष्ट. गायन पायाभूत. त्यानंतर पियानो किंवा ऑर्गनसारखे कळपट्टीचे वाद्य, व्हायोलिन आणि वायुवाद्ये, जोडीला संगीताचे शास्त्र. शिक्षकांनी कोणती पुस्तके वापरावीत तेही त्याने सांगितले आहे. शिवाय त्याचा आग्रह असा की ज्याला संगीत खरोखर समजून घ्यायचे आहे त्याला नुसते वाद्य येऊन भागणार नाही. त्याला गणित हवे, काव्य हवे, वक्तृत्व हवे, भाषा हव्यात, जगाची जाण हवी.

हे लिहिणारा माणूस चांभारकाम करणाऱ्या घरातला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून वाजवून पोट भरणारा होता. ज्या काळात दरबारी वादक हा चाकरांच्या रांगेत उभा राही, त्या काळात तो विद्यार्थ्यांसाठी काव्य आणि गणित मागतो. त्याच्या वादनाला मानवी गळा का म्हणत, याचे उत्तर मला या आराखड्यात दिसते. गळा कसा चालतो हे त्याने आधी गाण्यात शोधले आणि मग वाद्यात उतरवले. स्वतः आयुष्यभर जे कष्टाने गोळा केले, ते पुढच्या मुलांना पहिल्या वर्षापासून मिळावे असे त्याला वाटले. चांगल्या शिक्षकाची ओळख याहून वेगळी काय असते?

शेवटची वर्षे त्याने छोट्या रचना करण्यात घालवली. एकट्या क्लॅरिनेटसाठी काही प्रकार, क्लॅरिनेटच्या जोडीसाठी आणि बासेट हॉर्नच्या त्रयीसाठी काही तुकडे, आणि त्या काळी व्हिएन्नात शौकाने वाजवल्या जाणाऱ्या 'चाकान' या हातातल्या काठीसारख्या बासरीसाठी काही. घरी बसून मित्रांनी वाजवावे अशा त्या आहेत. जन्मभराचा साथीदार योहान १८०४ मध्ये गेला. १५ जून १८१२ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाला तेरा दिवस उरले असताना, आन्टोन श्टाडलर व्हिएन्नात वारला. त्याचे वाद्य कुठे गेले याचा पत्ता लागला नाही.

गोष्ट इथे संपली असती. पण विसाव्या शतकात काही जिज्ञासू लोकांनी ती पुन्हा उकरली. मोझार्टच्या हातचा, बासेट हॉर्नसाठी सुरू केलेला १९९ बारांचा एक कच्चा खर्डा स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूर गावी जपून ठेवलेला आहे. कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागाचा निम्म्याहून अधिक मजकूर त्यात आहे आणि खालचे सूर जागच्या जागी आहेत. हा खर्डा आणि १८०२ ची ती समीक्षा शेजारी ठेवून अभ्यासकांनी मूळ स्वर पुन्हा मांडले. १९५१ मध्ये प्रागमध्ये, म्हणजे ज्या शहराने श्टाडलरला डोक्यावर घेतले होते त्याच शहरात, नव्याने घडवलेल्या बासेट क्लॅरिनेटवर कॉन्चेर्टो वाजला. यिरी क्रातोखविल या अभ्यासकाचा त्यात मोठा वाटा होता.

वाद्य नेमके दिसायचे कसे, हा प्रश्न तरी उरलाच होता. १९९२ मध्ये पामेला पूलिन या अमेरिकन संशोधक बाईंना रिगा शहरात श्टाडलरच्या १७९४ मधल्या मैफिलींची छापील कार्यक्रमपत्रिका सापडली. तिच्यावर वाद्याचे कोरीव चित्र होते. लांब नळी आणि टोकाला काटकोनात वळलेला, फुगीर गोल कर्णा. तोपर्यंत सरळ कर्ण्याची वाद्ये बनवणारे कारागीर या चित्राबरहुकूम वाद्ये घडवू लागले. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या गावात दाराशी वाटलेल्या कागदाने हरवलेले वाद्य परत मिळवून दिले.

शाळेच्या मेळाव्यात आपण जमतो तेव्हा काही जणांची नावे हमखास एका विशेषणासह निघतात. अमका उधारी बुडवणारा, तमका वह्या हरवणारा. ती विशेषणे बहुधा खोटी नसतात, पण फार अपुरी असतात. श्टाडलरने मित्राचे पैसे फेडले नाहीत आणि मित्राची वही हरवली. त्याच श्टाडलरने वर्षानुवर्षे मित्राशेजारी बसून एका नव्या वाद्याच्या खालच्या सुरांत काय आहे ते त्याला ऐकवले. तसे झाले नसते तर हरवायला वहीच नसती. शिवाय उरलेल्या आयुष्यात आपल्या कधीही न भेटणाऱ्या मुलांसाठी सहा वर्षांचा अभ्यासक्रम लिहून ठेवला. हिशेब करायचाच तर हे सारे खात्यावर लिहावे लागेल.

ज्यांनी हा कॉन्चेर्टो ऐकला नसेल त्यांनी त्याचा दुसरा, संथ भाग आधी ऐकावा. फार तर सात-आठ मिनिटांचा आहे आणि त्यासाठी पाश्चात्त्य संगीताचे काहीही शिक्षण लागत नाही. विलंबित ख्यालात कान रमत असेल तर हा भाग परका वाटणार नाही. मग जमल्यास पहिला भाग दोन वेगवेगळ्या मुद्रणांत ऐकावा, एक साध्या क्लॅरिनेटवरचे आणि एक बासेट क्लॅरिनेटवरचे. जर्मन वादिका झाबिने मायर यांचे दुसऱ्या प्रकारचे मुद्रण सहज मिळते. उतरणाऱ्या ताना कुठे अडतात आणि कुठे पार तळाशी जाऊन टेकतात, हे नवख्या कानालाही कळते. तळाशी टेकणारे ते चार अर्धस्वर श्टाडलरचे आहेत.